डावीकडच्या दोन गोट्या

त्यांच्या घरात स्वयंपाकघराला ‘इंजिन’ म्हणत. पुढची खोली म्हणजे ‘केबिन’, न्हाणीघर ‘रेडिएटर’, आणि जिन्यावरची जी खोली मी भाड्यानं घेतली होती ती ‘टप’. मी ट्रंक घेऊन दारात उभी राहिले त्या दिवशी त्यांनी आत आवाज दिला, “अगं, टपावरचं पॅसेंजर आलं! इंजिन गरम हाय का? चहा ठिव.” मला वाटलं, माणूस थट्टेखोर दिसतो. महिनाभरात कळलं की ही थट्टा नव्हे. घराला दुसरे शब्द त्यांना सुचतच नव्हते.

जालन्यातलं सगळं मस्तगड त्यांना उस्ताद म्हणायचं. जालना–भोकरदन–धावडा या रस्त्यावर त्यांची स्वतःची पॅसेंजर जीप होती. मी धावड्याची. नव्वद साली जालन्यात प्राथमिक शाळेवर नोकरी लागली तेव्हा वडील मला त्यांच्याच जीपमधून घेऊन आले आणि त्यांच्याच घरी ठेवून गेले. चोवीस वर्षांची बिनलग्नाची पोरगी परगावी ठेवायची, तर ओळखीचं घर पाहिजे. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांच्या जीपमधून गावी जायची आणि रविवारी त्यांच्याच शेवटच्या फेरीनं परत यायची.

उस्तादांच्या गाडीत कुणी कुठं बसायचं हे उस्ताद ठरवत. लेकुरवाळी मधल्या बाकावर. तंबाखू खाणारा मागच्या फाळक्याजवळ. नवरा-बायको भांडून आलेले दिसले तर एकाला पुढं, एकाला मागं. आणि ड्रायव्हरशेजारची डावीकडची जागा शिकलेल्या माणसाची. त्या जागेवर कितीही मोठा बागायतदार येऊन बसू द्या, उस्ताद त्याला उठवायचे. “पुढं बसणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. मी दुसरीतून पळालेला माणूस. पाट्या कोण वाचंल?” त्या रस्त्यावरचा प्रत्येक दगड त्यांना पाठ होता, तरी ते मला विचारायचे, “बाई, काय लिवलंय?” मी वाचायची, “भोकरदन अठरा.” ते मान डोलवून म्हणायचे, “बराबर.” जणू भोकरदन तिथंच आहे याची खात्री मी करून दिली.

गल्लीत त्यांनी हॉर्न कधी वाजवला नाही. गाय आडवी बसली असली तर गाडी बंद करून उतरायचे, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, “माय, जरा सरकती का?” पंचवीस वर्षांच्या ड्रायव्हरकीत एकदाच राजूरच्या अलीकडं एक कोंबडी चाकाखाली आली. त्या कोंबडीच्या मालकिणीकडं उस्ताद पुढं तीन सण पाया पडायला गेले. रस्त्यावरचे बाकीचे ड्रायव्हर त्यांना ‘कोंबडीच्या सुतकातला माणूस’ म्हणून हसायचे. ते हसणं त्यांना चालायचं. “हसा,” म्हणायचे, “तुमच्या चाकाखाली कोण कोण आलं ते तुम्हीच मोजा.”

घरात तिघं. ते, त्यांची बायको म्हणजे मावशी, आणि दहावी नापास होऊन घरी बसलेली त्यांची सोळा वर्षांची लेक नंदा. मावशींना अक्षर येत नव्हतं. बोलणं कमी, काम उदंड. उस्तादांचं आणि मावशींच्या माहेरचं कधीतरी कशावरून तरी बिनसलं होतं, आणि पंधरा वर्षं उस्तादांनी सासरवाडीची पायरी चढली नव्हती.

त्या दिवाळीला माझ्या भावानं पुण्याहून एक खेळ आणला. पुठ्ठ्याचा मोठा डबा, आत सहा टोकांची चांदणी छापलेला पट, त्यावर बारीक बारीक खळगे, आणि सहा रंगांच्या काचेच्या गोट्या. नाव चायनीज चेकर. टपावर एकटीनं काय खेळणार, म्हणून मी डबा खाली केबिनमध्ये नेला. उस्ताद नुकतेच शेवटच्या फेरीवरून आले होते. पाय धुऊन सतरंजीवर बसले होते.

“हे काय आणलं बाई?”

“खेळ आहे. चौघांना खेळता येतो.”

“कायदा काय त्याचा?”

कायदा डब्याच्या झाकणावर इंग्रजीत होता. माझं इंग्रजी बेताचंच. वर जाऊन शब्दकोश घेऊन आले आणि एकेक ओळ लावत सांगायला लागले. प्रत्येकाच्या दहा गोट्या. आपल्या टोकातून निघायचं आणि समोरच्याच्या टोकात दहाच्या दहा नेऊन बसवायच्या. जो आधी बसवील तो जिंकला. शेजारच्या खळग्यात एक पाऊल टाकता येतं, नाहीतर मध्ये असलेल्या गोटीवरून उडी मारता येते. उडीवर उडी कितीही.

“अन् जिच्यावरून उडी मारली ती गोटी मेली?” नंदानं विचारलं.

मी पुन्हा झाकण वाचलं. मारायचं कुठं लिहिलेलं दिसेना. “नाही. ती तिथंच राहते.”

“असा कसा खेळ?” नंदा म्हणाली. पण उस्ताद एकदम मांडी बदलून पुढं सरकले. “बराबर हाय. ही उडी न्हाई, ओव्हरटेक हाय. ओव्हरटेक केल्यावर मागची गाडी मरती का? तिच्या जागी चालून राह्यली ती. लई शहाण्या माणसानं काढलेला खेळ हाय हा.”

पिवळ्या गोट्या उस्तादांनी घेतल्या, मावशींनी लाल, नंदानं हिरव्या, मी पांढऱ्या. मावशी उस्तादांच्या समोर बसल्या. नियम त्यांच्या डोक्यात उतरायला जरा वेळ लागला. बोटानं पटावरची वाट तपासत त्या म्हणाल्या, “म्हंजी मी यांच्या घरात जायचं, अन् यांनी माझ्या?”

“हो.”

“पंधरा वर्सांनी का होईना, निघाले माझ्या माहेराला!”

उस्तादांसकट सगळे हसलो. मावशींना एवढं मोकळं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

पहिले आठ दिवस आम्ही तो खेळ चुकतच शिकलो. एकदा तर मी ‘उडी फक्त परक्याच्या गोटीवरून’ असा अर्थ लावला आणि दोन संध्याकाळी सगळे अडकून बसले. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या हेडमास्तरांना विचारून आले, तेव्हा सुटका झाली. मग मात्र रोज दिवेलागणीनंतर, जेवणाच्या आधी एक डाव ठरूनच गेला. आणि सगळ्यांत लवकर तो खेळ आला मावशींना. त्या घाई करायच्या नाहीत. दोन-दोन खळगे सोडून गोट्या मांडत जायच्या, आणि एकदम मागची एक गोटी उचलून टक्‌, टक्‌, टक्‌ करत पार उस्तादांच्या घरात. नंदा टाळ्या वाजवायची. उस्ताद म्हणायचे, “हिनं चोरून लायसन काढलं दिसतंय!”

उस्ताद मात्र हरायचे. हरण्याचं त्यांना वाईट वाटायचं नाही, पण त्यांची हरण्याची तऱ्हा ठरलेली होती. त्यांच्या बाकीच्या गोट्या सुसाट निघायच्या, आणि त्यांच्या टोकातल्या डावीकडच्या दोन गोट्या घरातच राहायच्या. मावशींच्या लाल गोट्यांना जागा मिळायची नाही आणि डाव तुंबायचा. “अहो, दोन लेकरं घरी इसरून गावाला गेलात,” मावशी म्हणायच्या. ते सगळं डोकं वळवून खाली बघायचे, कोंबडी दाणा बघते तसं, आणि म्हणायचे, “आरं, ह्या कवा राह्यल्या?”

पाच-सहा वेळा असं झाल्यावरही मी ते हसण्यावारी नेलं. उस्तादांच्या शंभर तऱ्हांतली ही एक.

मार्गशीर्षात एके दिवशी खेळता खेळता त्यांनी गोटी उचलली आणि डावीकडच्या एका खळग्यात ठेवली. तिथं माझी पांढरी गोटी आधीच होती. काचेवर काच वाजली. त्यांचा हात थबकला. त्यांनी चाचपून पाहिलं, आणि त्या क्षणी नंदानं आपल्या बोटानं ती पिवळी गोटी अलगद शेजारच्या खळग्यात सरकवली. मावशी पटाकडं बघत होत्या. डाव पुढं चालू झाला.

ते चाचपणं मी पाहिलं होतं. पुढच्या डावाला मी मुद्दाम एक गोष्ट केली. खेळताना माझ्या हातातली एक गोटी निसटल्यासारखी सोडली. ती घरंगळत उस्तादांच्या डाव्या गुडघ्याला टेकून थांबली. “उस्ताद, तेवढी देता का?” ते सतरंजीवर हात फिरवत राहिले. समोर, उजवीकडं, पाठीमागं. गोटी त्यांच्या गुडघ्याला लागून होती. शेवटी नंदानं ती उचलून माझ्या हातात ठेवली आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर ती माझ्याजवळ आली. घागर भरून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “बाई, कुनाला सांगू नका.”

“कधीपासून आहे हे?”

“पोळ्यापासून. चौकटीला डावा खांदा आदळतो रोज. आई डोळ्यात मध घालती.”

“नंदा, ते गाडी चालवतात.”

“मला कळंना का ते?” तिचे डोळे भरले. “गाडी सोडून दादांना काय येतं? घरी बसले तर आठ दिवसांत मरतील ते. आई म्हनती, सडक त्यांना पाठ हाय. डोळे झाकून चालवतील.”

मी म्हणाले, “डॉक्टरला तरी दाखवा.” ती म्हणाली, “तुम्ही बोलून बघा. आमचं ऐकत न्हाईत.” मी “बघते” म्हणाले.

आता जुन्या गोष्टी मला वेगळ्या दिसायला लागल्या. दोन-तीन महिन्यांपासून त्यांची जीप सडकेच्या मधूनच जायची. विचारलं तर म्हणायचे, “कडंला खड्डे पडलेत.” एकदा डावीकडं मैलाच्या दगडाला घासली, तेव्हा त्यांनी दगडाला शिवी दिली होती. त्या शेजारच्या जागेवर बसून मी सगळं पाहिलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

मी उस्तादांशी बोलले नाही. रोज ठरवायची, आज डाव संपला की सांगायचं. रोज ते काहीतरी बोलायचे, मावशी हसायच्या, आणि ती संध्याकाळ मोडायला माझी जीभ उचलायची नाही. मी केलं ते एवढंच, त्या शनिवारी त्यांच्या जीपमध्ये बसले नाही. शाळेत काम आहे म्हणून सांगितलं आणि पाठीमागून एसटीनं गावी गेले. रविवारीही एसटीनंच परत आले.

संध्याकाळी उस्ताद म्हणाले, “बाई, तुमची जागा ठिवली होती काल. धावड्यापर्यंत रिकामी नेली.”

“कुणाला तरी बसवायचं ना.”

“शिकलेलं कुणी भेटलं न्हाई.”

पुढचे तीन शनिवार असंच झालं. मी काहीतरी कारण सांगायची, आणि ते ती जागा तशीच रिकामी न्यायचे. मागं माणसं फाळक्याला लोंबकळत असायची म्हणे. चौथ्या शनिवारी त्यांनी कारण विचारलं नाही. नुसतं म्हणाले, “काम असंल तर बिलकुल करा. जागा हाय तुमची.”

तो पौषातला शनिवार. शेतांतला कापूस वेचून झाला होता आणि बाया पऱ्हाट्या उपटून जळणासाठी घरी नेत होत्या. माझी एसटी राजूर सोडून पुढं गेली आणि एका वळणापाशी थांबली. पुढं गर्दी होती. लोक खिडकीतून डोकी काढायला लागले. मला गर्दीच्या वर जीपचा टप दिसला, त्यावर बांधलेली ओळखीची पिवळी ताडपत्री दिसली.

मी खाली उतरले. सडकेवर पऱ्हाटीचा भारा फुटून पसरला होता. उस्ताद रस्त्याच्या कडेला मातीत बसले होते आणि त्यांच्या मांडीवर एका बाईचं डोकं होतं. तिशीची असेल. तिचा पदर त्यांनी नीट सारखा केला होता. ती गेलेली होती, हे बघताच कळत होतं. तिचा नवरा शेजारी उभा होता, हातात विळा तसाच, काहीच न समजल्यासारखा.

जीपमधले पॅसेंजर एका सुरात सांगत होते, “बाई आडवी आली. एकदम आडवी आली. उस्तादाचा काय दोष?” शहाणीसुरती, रोजची माणसं. त्यांना उस्तादांना वाचवायचं होतं.

“आडवी आली न्हाई,” उस्ताद मोठ्यानं म्हणाले. “खोटं बोलू नका कुनी. ती तिच्या बाजूनं चालली व्हती. मला दिसली न्हाई.”

गर्दीतून एकानं पुढं येऊन त्यांच्या तोंडात मारली. “दिसली न्हाई म्हनतो! सगळे ड्रायव्हर हेच म्हनतात!” पागोटं पडलं. उस्तादांनी ते उचललं नाही, मांडीवरचं डोकं हलू नये म्हणून नुसता हात आडवा धरला. “खरं सांगून राह्यलो बाबा. मला दिसली न्हाई.”

ते अक्षरशः खरं होतं. त्या गर्दीत ते कळणारी मी एकटी होते.

मी त्यांच्या डावीकडं उभी होते. हात लांब केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. त्यांनी एकदा इकडं मान अर्धी वळवली, आणि माझ्या अंगावरून, मी तिथं नसल्यासारखी, त्यांची नजर गेली. मी ‘उस्ताद’ म्हणून हाक मारायची होती. त्यांच्या शेजारी बसायचं होतं. पोलीस येतील, विचारतील, तुम्ही कोण, तुम्हाला काय ठाऊक आहे, तेव्हा मी काय सांगणार, एवढंच त्या वेळी माझ्या मनात आलं. कंडक्टरनं घंटी दिली. गर्दीतून वाट झाली होती. मी परत एसटीत चढले आणि गावी गेले.

आणखी एक विचार मला भोकरदन येईपर्यंत सुटला नाही, आणि पुढंही सुटलेला नाही. डावीकडची ती पुढची जागा त्या दिवशीही रिकामी होती. तिथं कुणीही माणूस बसलेला असता, शिकलेला नसला तरी, आंधळा सोडून कुणीही, तर तो ओरडला असता.

पोलीस घरी आले तेव्हा मी जिन्यावर उभी होते. हवालदारानं मावशींना विचारलं, “ह्याच्या डोळ्यांचं घरात माहीत होतं का?” मावशी भिंतीला धरून उभ्या राहिल्या. हवालदारच पुढं म्हणाला, “तो तर म्हणतो, कुणाला ठाऊक नव्हतं. मी सगळ्यांपासून लपवलं.” मावशींनी मान हलवली. मग त्यानं वर बघितलं. “तुम्ही भाडेकरू का?”

“हो.”

“तुमच्या काही ध्यानात आलं होतं?”

“नाही,” मी म्हणाले.

कोर्टात वकिलानं पुष्कळ समजावलं, पण उस्तादांनी तेच सांगितलं. डाव्या अंगाचं दिसत नाही हे मला पोळ्यापासून माहीत होतं, तरी मी गाडी चालवली. त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. तुरुंगातल्या डॉक्टरनं काचबिंदू म्हणून निदान केलं आणि सांगितलं की वर्षभर आधी आला असतास तर जिथं होतं तिथं थांबवता आलं असतं. मी त्याच उन्हाळ्यात बदली मागून घेतली. खोली सोडताना खेळाचा डबा नेला नाही, विचारलाही नाही.

ते सुटून आले, उजवा डोळाही गेला, नंदाचं लग्न सिल्लोडकडं झालं, हे मला गावाकडून कळत गेलं. मी गेले नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली. बारा वर्षांनी शाळेच्या एका कामासाठी जालन्यात मुक्काम पडला, तेव्हा मस्तगडात गेले.

उस्ताद केबिनमध्ये खाटेवर बसले होते. वाळून गेले होते, दाढी पांढरी. मी नाव सांगितलं. त्यांनी तोंड माझ्याकडं केलं. “बाई? टपावरच्या? या, या. अगं, बाई आल्या. चहा ठिव.” इंजिन म्हणाले नाहीत. मी माझ्या मुलांचं सांगितलं, त्यांनी नंदाच्या मुलांचं सांगितलं. त्या बाईच्या दोन लेकरांचंही सांगितलं. थोरला आता वखारीवर हमाली करतो, धाकटी नांदायला गेली. सुटून आल्यावर वर्षातून एकदा ते नंदाचा हात धरून त्या गावी जायचे. नवरा तोंडावर दार लावायचा. हे बाहेर थोडा वेळ बसायचे आणि परत यायचे.

मग मला राहवेना. “उस्ताद,” मी म्हणाले, “मला ठाऊक होतं.”

“काय?”

“तुमच्या डोळ्यांचं. खेळताना माझ्या ध्यानात आलं होतं. महिनाभर आधी. म्हणून मी एसटीनं जायला लागले. आणि त्या दिवशी मी तिथं होते. तुमच्या शेजारी उभी होते.”

मावशी चहाचा कप घेऊन दारात येऊन थांबल्या होत्या.

“मंग बोलल्या कामून न्हाई?” उस्तादांनी विचारलं.

“नंदा म्हणाली होती, सांगू नका,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझीच मला शरम वाटली. चोवीस वर्षांची मी, सोळा वर्षांच्या पोरीच्या पाठीमागं लपत होते.

“नंदा लेकरू व्हती,” ते म्हणाले. “अन् ही माझी बायको. ह्या दोघींचं मी ऐकलं नसतंच. किती डाव बोलल्या त्या. मी म्हनलं, बायकांना काय कळतंय गाडीतलं.” त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. “तुम्ही सांगितलं असतं तर ऐकलं असतं, बाई. तुमचं मी ऐकलं असतं.”

मावशींनी कप माझ्यासमोर ठेवला. मी तो प्यायले, कारण न पिता उठणं जमेना. नमस्कार करून बाहेर आले. मावशी फाटकापर्यंत आल्या. त्यांनी कडी काढली, मी बाहेर पडेपर्यंत दुसरीकडं बघत उभ्या राहिल्या, आणि मग आतून कडी लावून घेतली.